दाबाची फांदी

काटेवाल्यांनी सराफी तराजूच्या एका पारड्यात आपल्या गुलाबाच्या झुडपाचं अर्धवट उमललेलं फूल ठेवलं आणि दुसऱ्यात शेजारच्या झुडपाचं. हात काढून घेतला तशी शेजारची बाजू खाली जाऊन टेबलाला टेकली. वारा लागत असेल म्हणून त्यांनी शेडचं दार लावून घेतलं. दोन्ही फुलं उचलली, पारडी फडक्यानं पुसली आणि बाजू बदलून फुलं पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. शेजारचंच जड.

त्यांनी त्या फुलाची एक पाकळी काढली. मग आणखी एक. आणखी एक काढल्यावर दांडी सरळ झाली आणि काटा मधोमध येऊन थांबला. तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पाकळ्या त्यांनी मुठीत घेतल्या आणि टाकायला जागा न सुचून खिशात घातल्या.

जन्मभर त्यांनी लोकांचे तराजू दुरुस्त केले होते. वाण्याचे, भंगारवाल्याचे, सोनाराचे. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, लहानथोर सगळे काटेवालेच म्हणत. बायको तर पाहुण्यांना सांगायची, "काटेवाल्याच्या घरात आले, मग गुलाबाशिवाय दुसरं काय लावणार?" पाहुणे हसायचे. काटेवाल्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही, पण ती सांगत असली की ते पेपर खाली ठेवून ऐकायचे.

तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

शेजारचं फूल काल लेकीनं आणलं होतं. लेक दोन दिवसांसाठी आली होती. सकाळी दात घासत मागच्या अंगणात गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा दोन्ही हातांत फुलं.

"बाबा, बेकरीवाल्या काकांनी दिली. बेकरी बंद म्हणून घरीच होते आज. काय फुललंय हो त्यांच्याकडं! बघितलंत का तुम्ही?"

"त्यात काय बघायचंय."

"वास तरी घ्या. आईच्या गुलाबाचाच आहे."

काटेवाल्यांनी वास घेतला नाही. पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. लेकीनं स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन फुलं त्यात खोचली आणि पेला आईच्या फोटोपुढं ठेवला.

"आपल्याच झाडाचं असं का झालंय? नुसती पानं. ती पण पिवळी."

"सगळं वेळच्या वेळी घालतो मी."

"वजन करून?"

"वजन करूनच."

लेकीला हसू आलं. मग फोटोकडं बघून ती केस विंचरायला आत गेली.

दुपारच्या गाडीनं ती गेली. तिला सोडून परत आल्यावर काटेवाले फोटोसमोरच्या खुर्चीत बसले. खोलीभर वास सुटला होता. न घेता येण्यासारखा नव्हताच तो. फिकट गुलाबी, दाट पाकळ्यांची फुलं, एका देठाला तीन-तीन, चार-चार लागलेली. दुकानातल्या गुलाबासारखी ताठ मान नाही, थोडी खाली बघणारी. बायको म्हणायची, दुकानातल्या गुलाबाला नुसती मान असते, वास नसतो. लग्न होऊन आली तेव्हा हे झुडूप तिनं माहेराहून आणलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी. गाडीत ती काडी तिच्या मांडीवर होती आणि नवऱ्याशी बोलायचं सोडून ती तिलाच सांभाळत होती. मोठं चिवट झाड. एका उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं तेव्हा वाळून कोळ झालं आणि पुन्हा बुडातून फुटलं. एकदा वाळवी लागली, त्यातूनही उठलं. असं झाड जगात दुसरीकडं कुठं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. निदान भिंतीपलीकडं असेल असं तर नाहीच.

म्हणजे हे तिच्याच झाडाचं होतं.

चोरून नेलं असेल तर बरं, असं त्यांना वाटलं. भिंतीवरून हात घालून एखादी फांदी तोडून नेली असेल, तर माणूस चोर ठरतो आणि विषय संपतो. पण बेकरीवाला चोर नव्हता. सुटे पैसे जास्त आले तर परत द्यायला घरी येणारा माणूस. म्हणजे तिनं दिलं. आपल्या हातानं दिलं आणि घरात बोलली नाही.

संध्याकाळी काटेवाल्यांनी पेला फोटोपुढून उचलला. टाकून द्यावा म्हणून मोरीपर्यंत गेले. टाकवेना. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीत, तेलाच्या बाटलीमागं ठेवला आणि त्यातलं एक फूल शेडमध्ये नेऊन ठेवलं.

शेड त्यांनी स्वतः बांधली होती. दुकान बंद केलं तेव्हा इतकं सामान घरी आलं की ठेवायला जागा नव्हती. लोखंडी खांब त्यांनी स्वतः गाडले, पत्रे स्वतः चढवले. मागच्या अंगणात घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये ती अशी बेतून बसवली होती की बघणाऱ्यानं म्हणावं, वा. कंपाउंडकडच्या बाजूनं पावसाचे शिंतोडे येऊन वजनांना गंज चढू नये म्हणून वरचा पत्रा भिंतीपर्यंत पुढं आणला होता. शेड आणि भिंत यांच्यामधल्या बोळात गुलाब होता. एवढं बांधकाम झालं, पण झुडपाची एक फांदी मोडू दिली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगायचे. आत कडक दुपारीसुद्धा गार असायचं.

त्या गारव्यात बसून ते कानस चालवायचे, आणि पत्र्याच्या पलीकडं, बोळात, बायको उभी असायची. बेकरीवाला पहाटे जायचा, दुपारी घरी यायचा, चार वाजता पुन्हा बेकरीत जायचा. त्याच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं, की झालं नव्हतं, हे त्यानंही कधी नीट सांगितलं नाही. दुपारी तो अंगणात ट्रे धुवायचा आणि भिंतीवरून दोघांचं बोलणं चालायचं. पत्र्यातून शब्द कळायचे नाहीत. हसू कळायचं.

घरात ती अशी हसत नसे. घरात ती हसली तर ओठ मिटून, आणि लगेच काहीतरी काम काढून उठायची. तिकडं तिचं हसू सुटायचं आणि ती ते दाबायला जायची, मग ते आणखी मोठ्यानं सुटायचं. एकदा काटेवाल्यांनी चहा पिता पिता विचारलं होतं.

"काय एवढं हसत होतीस?"

"काही नाही हो. झाडाचं."

"झाडात काय हसायचंय?"

"काही नाही म्हटलं ना," असं म्हणून ती कपबशी घेऊन उठली होती. पण पाठमोरी असतानाही तिचे खांदे हलत होते.

तेवढंच. त्यानंतर थंडी पडायच्या सुमारास ती आजारी पडली आणि आठवड्याभरात गेली. तिच्या मागं काटेवाल्यांनी झुडपाला कात्री लावली नव्हती. तिनं जसं ठेवलं होतं तसंच राहू द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वाळकी फांदीही काढली नाही, एक फांदी पार जमिनीला लोळत होती तीही उचलली नाही. फक्त पाणी, शेणखत, हाडांचा चुरा. सगळं छोट्या काट्यावर तोलून, बुडाशी हात पोचेल तिथवर. काट्यांनी मनगटं ओरबाडून निघायची. झुडूप खायचं, प्यायचं आणि फिकट, लांबट पानं काढून उभं राहायचं. कळी आली तरी अर्धवट उमलून मान टाकायची.

आणि पलीकडं भिंतीच्या वर गुलाबी झुबके डोलत होते.

आज सकाळपासून काटेवाल्यांचं कशात लक्ष नव्हतं. म्हणून तो तराजूचा खेळ झाला. पाकळ्या खिशात गेल्यावर ते बराच वेळ नुसते बसून राहिले. मग उठून त्यांनी खिळ्याला टांगलेली तिची छाटणीची कात्री काढली. दगडावर तेलाचे थेंब सोडले आणि धार लावायला घेतली. ही कात्री आज कशासाठी, हे त्यांनी स्वतःशीही म्हटलं नाही. पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं की घसरायचं. घसरायचं म्हणजे बोथट. पुन्हा दगड, पुन्हा तेल. करता करता पातं नखात अडकलं आणि हललं नाही. त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळली.

चार वाजता पलीकडं फाटकाची कडी वाजली. स्कूटर सुरू झाली आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला.

काटेवाले घराच्या पुढच्या दारानं बाहेर पडले. समोरच्या ओट्यावर शिवणकामवाल्या बाई मशीन चालवत होत्या.

"निघालात कुठं, काटेवाले?"

"हा इथंच. शेजारी."

"बरं झालं. तेवढंच बोलणं-चालणं."

 बेकरीवाल्याच्या फाटकाला नुसती कडी होती. आत घराच्या कडेनं मागं जायला वाट होती. या वाटेनं ते कधी आले नव्हते. मागच्या अंगणात दोरीवर मैद्याची रिकामी पोती धुऊन वाळत घातली होती आणि भिंतीला टेकून काळे ट्रे उभे केले होते. सगळीकडं स्वच्छ, मोकळं ऊन होतं. त्या उन्हात भिंतीजवळ ते झुडूप उभं होतं.

लांबून बघितलं होतं त्यापेक्षा ते कितीतरी दाट होतं. बुडापासून शेंड्यापर्यंत पानं, पानांवर चमक. कळ्या इतक्या की फांद्या वाकल्या होत्या. मधमाश्या घोंघावत होत्या. त्याला एका जुन्या फळीचा आधार दिला होता आणि सुतळीच्या गाठी मारल्या होत्या. गाठी बायकोच्या गाठींसारख्या होत्या, दोनदा पीळ देऊन मारलेल्या. काटेवाल्यांनी त्या ओळखल्या. घरातल्या प्रत्येक पिशवीला तशीच गाठ असायची.

ते मातीत गुडघे टेकून बसले. वर वर छाटून भागणार नव्हतं, ते पुन्हा फुटलं असतं. बुडातच तोडायला हवं होतं. त्यांनी फडकं सोडलं, कात्री उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं खालची पानं बाजूला केली.

बुडाशी एक वीट होती. मातीत अर्धी रुतलेली, हिरवी पडलेली. त्यांनी ती उचलली. विटेखालून बोटाएवढ्या जाडीची एक फांदी निघाली होती. इथं ती माती सोडून वर चढली होती आणि तिचंच पुढं हे सगळं झाड झालं होतं. मागच्या बाजूला ती जमिनीला लागूनच भिंतीकडं गेली होती. भिंतीच्या पायथ्याशी पावसाचं पाणी जायला एक भोक ठेवलेलं होतं. फांदी त्या भोकात शिरली होती.

काटेवाल्यांना ते एकदम समजलं नाही. त्यांनी फांदी धरून हलकेच ओढली.

भिंतीपलीकडं सुकलेली पानं सळसळली. त्यांनी मान वर करून पाहिलं. भिंतीच्या वर, त्यांच्या पत्र्याच्या कडेखाली, त्यांच्या झुडपाचा पिवळट शेंडा हलत होता.

त्यांनी हात सोडला. शेंडा थांबला. पुन्हा ओढली. पुन्हा हलला.

कात्री त्यांच्या हातात तशीच उघडी राहिली. जमिनीला लोळणारी ती फांदी. वर्षभर तिच्याच बुडाशी त्यांनी तोलून मापून खत घातलं होतं.

फाटकाची कडी वाजली तीही त्यांना ऐकू आली नाही.

"भाऊ?"

बेकरीवाला वाटेच्या तोंडाशी उभा होता. कपाळावर घाम, कानाच्या पाळीला नेहमीसारखं पीठ. दुकानाची किल्ली विसरून तो परत आला होता, हे त्याच्या हातातल्या किल्लीच्या रिकाम्या साखळीवरून दिसत होतं. त्यानं काटेवाल्यांकडं पाहिलं, कात्रीकडं पाहिलं, बाजूला काढलेल्या विटेकडं पाहिलं. काटेवाल्यांनी उठण्यासाठी हात मातीत टेकला.

बेकरीवाल्याचा चेहरा एकदम खुलला.

"आलात होय! अहो, मला वाटलं आता तुम्ही काय येत नाही. किती वाट बघायला लावली!"

"कशाची?"

"तोडायची! वहिनींनी मला ताकीदच दिली होती ना. म्हणाल्या, मुळं धरली की तोडायची, पण तू हात लावायचा नाहीस. तुझा हात पिठाचा, तू बचकभर कापशील. ते काम आमचे हे करतील, त्यांच्या हाताला माप आहे." तो येऊन शेजारी उकिडवा बसला. बसताना धाप लागली. "मी आपला रोज बघतो आणि हात मागं घेतो. म्हटलं, एक वेळ झाड मेलं तरी चालेल, वहिनींचं बोलणं खायला नको."

काटेवाल्यांनी कात्री मिटली. तिची कडी लावली.

"मग मला सांगायचं नाही?"

"कसं सांगणार? मी दिसलो की तुम्ही आत. एकदा मी भिंतीवरून हाक मारली, तर तुम्ही धाडकन दार लावलंत. म्हटलं, दुःखातला माणूस आहे, सवडीनं येईल." मग त्यानं काटेवाल्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "भाऊ, तुम्हाला माहीत होतं ना हे? फांदीचं?"

काटेवाले भिंतीच्या भोकाकडं बघत राहिले.

"अरेच्चा," बेकरीवाला हळूच म्हणाला. त्यानं कानाची पाळी चोळली. पीठ खांद्यावर सांडलं. "मला वाटलं, नंतर सांगितलं असेल त्यांनी."

"कधी केलं हे?"

"तुमची शेड झाली, त्यानंतर. फांदी मातीत गाडून दाब दिला, मुळं फुटावीत म्हणून."

"शेडचा काय संबंध?"

बेकरीवाल्यानं हात थांबवला. नुसतं वर पाहिलं. काटेवाल्यांनीही पाहिलं. इथून, या बाजूनं, शेड त्यांनी कधीच पाहिली नव्हती. पत्रा भिंतीपर्यंत आला होता, जवळजवळ भिंतीवरच टेकला होता. इकडं कडेपर्यंत ऊन होतं. पत्र्याखाली भर दुपारी विहिरीत असावा तसा अंधार होता आणि त्या अंधारात त्यांचं झुडूप उभं होतं, या बाजूला झुकलेलं.

"एक फांदी मोडू दिली नाही मी," काटेवाले म्हणाले.

"हो ना. वहिनी पण तेच सांगायच्या. अगदी कौतुकानं."

 एक मधमाशी काटेवाल्यांच्या बाहीवर बसली आणि उडाली.

"मला का नाही बोलली?"

"मी म्हटलं होतं त्यांना. भाऊंना सांगा, दोन पत्रे काढायचं तर काम आहे. तर म्हणाल्या..." बेकरीवाला थांबला.

"काय म्हणाली?"

"जाऊ द्या."

"काय म्हणाली सांग."

"म्हणाल्या, आयुष्यभर लोकांचं दुरुस्त केलं, पहिल्यांदा काहीतरी स्वतःसाठी बांधलंय. रोज जेवताना त्या शेडचंच चालतं, इथला खांब असा आणि तिथला पत्रा तसा. कुठल्या तोंडानं पाडा म्हणू? त्यापेक्षा फांदीलाच सांगते, तूच जा बाई उन्हात."

काटेवाल्यांनी खिशात हात घातला. पाकळ्या हाताला लागल्या, तसा त्यांनी हात तिथंच ठेवला.

"आणि मग हसायचं काय असायचं?" त्यांनी विचारलं. जितक्या सहज विचारायचं होतं तितक्या सहज ते आलं नाही.

"हसायचं?"

"रोज ऐकू यायचं मला. आतून."

बेकरीवाला आधी गोंधळला आणि मग त्याला खो खो हसू फुटलं. हसताना त्याचं सगळं पोट हलत होतं. "अहो, हे भोक बघा केवढं! फांदी काय एका झटक्यात येते? वहिनी तिकडून ढकलायच्या, मी इकडून ओढायचो, रोज बोटभर. मी पालथा पडून. आणि हे पोट! ते मध्ये आलं की हात पोचायचा नाही. एकदा सदरा काट्यात असा अडकला की मला उठता येईना. वहिनी भिंतीवरून बघतायत, म्हणतायत, ओरडू नको मेल्या, ऐकतील ना. तुम्ही पत्र्यापलीकडं कानस घासत बसलेले! कानस थांबली की आम्ही चिडीचूप. कानस चालू झाली की पुन्हा ढकला." त्यानं डोळे पुसले. "शेवटी शेंडा इकडं निघाला ना, त्या दिवशी वहिनींनी तिकडून टाळ्या वाजवल्या."

काटेवाल्यांना तो दिवस आठवत होता. टाळ्या ऐकून त्यांनी कानस खाली ठेवली होती. मग पुन्हा उचलली होती, जास्त जोरानं.

हसू ओसरल्यावर बेकरीवाल्यानं फांदीवर बोट फिरवलं. "खाणं-पिणं सगळं तुमच्याकडं आणि नटणं माझ्याकडं. लाज वाटते हो कधी कधी. काल तुमच्या लेकीला फुलं दिली ती म्हणूनच. म्हटलं, त्यांचीच त्यांना." मग त्यानं कात्रीकडं बोट दाखवलं. "आता हिला इकडं पण मुळं भरपूर आहेत. तोडायची ना? आज आलाच आहात तर."

काटेवाल्यांनी कडी काढली, कात्री उघडली. भिंतीचं भोक आणि विटेची जागा यांच्यामध्ये कुठं कापायचं ते त्यांना दिसत होतं. तिनं तिथं फांदीला एक चिंधी बांधून ठेवली होती, तिच्या जुन्या निळ्या पातळाची. दोनदा पीळ दिलेली गाठ. चिंधीचा रंग उडाला होता. त्यांनी पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं. पातं नखात अडकलं.

"धार नाही हिला," ते म्हणाले.

"माझ्याकडं सुरी आहे, पावाची. देऊ?"

"सुरीनं चालत नाही. चेचतं. धार लावून आणतो."

"आणा सावकाश. इतकी थांबलीय, अजून थांबेल."

बेकरीवाल्यानं हात दिला, त्या हाताला धरून ते उठले. गुडघ्यावरची माती त्यांनी झटकली नाही. वीट मात्र उचलून होती तशी पुन्हा ठेवली आणि पायानं थोडी दाबली.

"चार फुलं नेता का, भाऊ? फोटोला?"

काटेवाले दोन पावलं गेले होते, ते थांबले. "नको," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "घरात आहेत कालची."

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेलाच्या बाटलीमागचा पेला काढला, पाणी बदललं आणि तो जागेवर नेऊन ठेवला. खिशातल्या पाकळ्या काढल्या. त्या चुरगळून तपकिरी झाल्या होत्या. त्या त्यांनी पेल्याजवळ ठेवल्या, मग तिथून उचलून पुन्हा खिशात घातल्या.

शेडमध्ये अंधार होता. कात्री खिळ्याला टांगून त्यांनी पेटीतून पाना काढला. स्टूल घेतलं आणि ते भिंतीकडच्या बोळात नेऊन ठेवलं. झुडपाच्या काट्यांनी पाय ओरबाडत होते. वर चढून त्यांनी शेवटच्या पत्र्याच्या बोल्टला पाना लावून पाहिला. बोल्ट हलेना. स्वतः आवळलेला होता, हलणार कसा? त्यांनी तेलाची डबी मागितल्यासारखा हात मागं केला आणि मग स्वतःच खाली उतरून ती घेऊन आले.

बोल्टवर तेल सोडून ते मुरायची वाट बघत स्टुलावर उभे राहिले. भिंतीच्या वरून आता त्यांना पलीकडचं अंगण दिसत होतं. पोती, ट्रे, ऊन. बेकरीवाला किल्ली घेऊन घरातून बाहेर येत होता. पत्र्याखाली स्टुलावर चढलेले काटेवाले दिसले तसा तो थबकला. 

"निघतो भाऊ मी," तो म्हणाला. "जाता जाता झाडाला पाणी घालू का?"

"नको," काटेवाले म्हणाले आणि पाना पुन्हा बोल्टला लावला. "मी घालतो इकडून."